पन्नास-पन्नास मीटरांवरच्या घळी

आत्या आली होती चार दिवसांसाठी, पण भाचीचं ड्रोन पाहिलं आणि तिनं मुक्काम वाढवला. रोज सकाळी दोघी उघड्या माळावर. भाची ड्रोन उडवायची, आत्या बॅटऱ्या सांभाळायची.

पावसाच्या पाण्यानं माती कापून पडलेल्या घळी हा भाचीच्या संशोधनाचा विषय. वरून काढलेले फोटो जोडून तिनं नकाशा केला, प्रत्येक घळीच्या तोंडाशी ठिपका दिला आणि ठिपक्यांमधली अंतरं तपासली. बाकीचे ठिपके कसेही विखुरलेले. अकरा मात्र एका रेषेत, बरोबर पन्नास-पन्नास मीटरांवर.

तिच्या मार्गदर्शक सरांनी फोनवर उडवूनच लावलं. "माती काय पट्टी घेऊन झिजते? काहीतरी चुकलंय. पुन्हा कर."

तिनं तीनदा केलं. ठिपके जागचे हलेनात. ती रडकुंडीला आली, तेव्हा शेंगा सोलत बसलेली आत्या लॅपटॉपवर वाकली.

"अगं, हे तर माझे खांब!"

"कसले खांब?"

"टेलिफोनचे. नोकरीत असताना आमच्याच टोळीनं उपटले. खड्डे बुजवायचे तेवढे राहिले."

भाची ताडकन उठली. "कधी? वर्ष आठवतंय?"

"वर्ष काय, दिवस सांगते! शेवटचा खांब निघाला आणि निरोप आला, वहिनीला मुलगी झाली. तशीच दवाखान्यात धावले. हात मातीनं माखलेले, म्हणून नर्सबाईंनी तुला घेऊच दिलं नाही!"

म्हणजे त्या उघड्या खड्ड्यांत पाणी शिरून पडलेल्या घळी तिच्याच वयाच्या, सत्तावीस वर्षांच्या! घळ नेमकी कधी सुरू झाली हे सहसा कुणाला कळत नाही, आणि इथे अकरांची जन्मतारीख घरातच सापडली. लांबी मोजायची, वर्षांनी भागायचं, की वाढीचा वेग हातात. तिनं आत्याला अशी मिठी मारली की शेंगांचे दाणे घरभर झाले.

दुसऱ्या दिवशी सर मोजपट्टी घेऊन आले, कपाळाला आठ्या घालूनच.

"खांब अकराच होते?"

"बारा. पण बारावा मोडला, बुंधा जमिनीतच राहिला." आत्या पावलं मोजत पुढे गेली आणि तिनं झुडूप बाजूला सारलं. गंजका बुंधा उभा होता. आजूबाजूची जमीन सपाट, घळीचा मागमूस नाही.

सर उकिडवे बसले आणि हसतच सुटले. "खड्डा नाही, तर घळ नाही! बाई, इतकी वर्षं कुठे होतात?"

"खांबावर!" आत्या म्हणाली आणि पट्टीचं टोक घेऊन पहिल्या घळीत उतरली. भाचीनं गुडघ्यावर वही उघडली. खालून खणखणीत आवाज आला, "चौतीस मीटर! लिहिलंस का?"