थोरल्याने पाडलेले वाटे

एशेनरोडेचं संस्थान मुळात एवढंसं. म्हातारे राजेसाहेब वारले आणि त्याचेही दोन तुकडे करायची वेळ आली. राणी सिबिलांच्या ते जिवावर आलं होतं, पण जर्मन मुलखातली रीत ती रीत. थोरल्या मुलाने दोन वाटे पाडायचे नि धाकट्याने त्यातला आवडेल तो आधी उचलायचा.

थोरला लुडॉल्फ नकाशावर ओणवा होऊन बसला. त्याचा जीव अडकला होता मोर्सडोर्फमध्ये. गाव दलदलीतलं, पण तिथली बिअरची जुनी भट्टी, तळ्यातले गलेलठ्ठ कार्प मासे आणि बदकांची शिकार! म्हणून त्याने एका वाट्यात किल्ला, राजधानी, चर्चचे मनोरे नि आरशांचा दिवाणखाना घातला. दुसऱ्यात नुसती दलदल. धाकट्या काझिमीरला मिरवायची भारी हौस. तो किल्ल्यावर झडप घालणार, यात लुडॉल्फला शंकाच नव्हती.

दरबार भरला. दिवाण त्साइडलरांनी दोन्ही वाटे वाचून दाखवले.

"मी दलदल घेतो," काझिमीर म्हणाला.

लुडॉल्फ ताडकन उठला. "वेड लागलंय का तुला? डास तोडून खातील!"

"खाऊ देत. गादी थोरल्यालाच शोभते, दादा. बाबांच्या खुर्चीत मला बसवणार नाही."

दरबारी डोळे पुसू लागले. लुडॉल्फला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काझी," तो कसाबसा म्हणाला, "मला दलदलच हवी होती रे. किल्ल्याचं छप्पर गळतंय. शिवाय तिन्ही आत्या तिथेच राहतात."

"आणि हे सगळं माझ्या गळ्यात बांधायला निघाला होतास?"

"हो."

काझिमीर असा हसत सुटला की खुर्चीवरून घसरलाच. राणीसाहेबांनी तोंडात रुमाल कोंबला.

"लबाडा! आता एकट्याला काहीच मिळणार नाही तुला," काझिमीर डोळे पुसत म्हणाला. "राज्य दोघांनी मिळून करायचं. हिवाळ्यात आत्या, उन्हाळ्यात बिअर!"

"पण गादीवर बसायचं कुणी?" दिवाण रडकुंडीला आले.

"सुताराला बाक करायला सांगा," राणीसाहेब म्हणाल्या.

शेजारच्या संस्थानात चार भावांनी इतके तुकडे पाडले की एकाचा कोंबडा आरवला की चारही राजधान्या जाग्या होत. एशेनरोडेत मात्र पुढे भांडण व्हायचं ते एवढंच, की दादा बाकावर फार ऐसपैस बसतो.