चावी सुखीबाईजवळ आहे

सुखीबाईने मोरीतला नळ पिळला आणि बाजूला सरकली.

"पाहा, थेंब नाई," ती म्हणाली. "आठ-आठ रोज पानी येत नाई इथं. लेकराचे कपडे कुठं धुसान?"

राजदीपने नळाकडे पाहिले. प्रियंका मात्र खाली पाहत होती. मोरीची फरशी ओली होती. कोपऱ्यातली बादलीही ओली होती. तिने लेकीला, उर्वशीला, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले.

"अन् रात्री विंचू निंगते," सुखीबाई पुढे म्हणाली. "मागच्या भिंतीतून."

घर दोन खोल्यांचे, लहानसेच होते. पण उजेड चांगला होता आणि लोहारा भागातला कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. राजदीपला तिथे काम लागून महिना होत आला होता. नेर तालुक्यातल्या त्यांच्या गावात लागोपाठ दोन वर्षे कापसाची बोंडे भरलीच नव्हती. वेचणीला बोलावणारे उरले नव्हते, तेव्हा ही दोघे लेकीला घेऊन यवतमाळला आली. सध्या राजदीपच्या चुलतभावाच्या, धम्मरत्नच्या, एका खोलीत सगळे राहत होते. रविवारी धम्मरत्नची बायको बाळंतपण उरकून माहेरून परत यायची होती. तोवर खोली मोकळी करणे भाग होते.

चार घरे पाहून झाली होती. एका ठिकाणी चहा झाला, मग आडनाव विचारले गेले, आणि कप रिकामे व्हायच्या आत मालकाला आठवले की खोली पुतण्यासाठी राखून ठेवली आहे. दुसरीकडे मालकीणबाईंनी, भिंतीवर फोटो कोणाचा लावता, एवढेच विचारले. या म्हातारीने मात्र काहीच विचारले नव्हते. नाव नाही, गाव नाही. ती फक्त घराला नावे ठेवत होती. आणि घर तर तिचे नव्हतेही. दारावर खडूने नागपूरचा एक फोन नंबर लिहिला होता आणि खाली, 'चावी सुखीबाईजवळ आहे'.

"चाल," राजदीप बाहेर पडत म्हणाला. रस्त्यावर आल्यावर त्याचा आवाज चढला. "इचंही तेच. नाई म्हणाची रीत वेगळी, बस."

"पण तिनं तं नाव पण नाई विचारलं आपलं."

"तोंड पाहून ओळखते लोक."

प्रियंकाला ते पटेना, आणि दुसरे काही सुचेनाही. कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानापर्यंत आल्यावर तिच्या लक्षात आले, उर्वशीचे टोपडे तिथेच राहिले. पोरीला राजदीपकडे देऊन ती मागे वळली.

दार लोटलेले होते. आत नळ वाहत होता. सुखीबाई हंडा भरत बसली होती. मघाशी दाराआड गुंडाळून ठेवलेली गोधडी आता भिंतीशी पसरलेली होती. शेजारी पत्र्याची पेटी, तिच्यावर झाकून ठेवलेली अर्धी भाकर.

सुखीबाईने नळ बंद केला. हंडा अर्धाच राहिला.

"पानी येते," ती म्हणाली. "झूट बोलली मी. मांगचा कॉक बंद केला होता."

"अन् विंचू?"

"तो तं मी सगळ्यायलेच सांगते."

प्रियंकाला हसू यायला हवे होते. आले नाही. चार दारांवरून परत फिरल्यावर हे पाचवे दारही खोट्यानेच बंद झाले होते, आणि राग धरावा तर समोर ही ओल्या हातांची म्हातारी.

"तुमी इथंच राह्यता, मावशी? मालकाले मालूम हाय?"

"इकबालभाईले वाटते, म्हातारी झाडू मारते अन् घरी जाते." सुखीबाईने हात लुगड्याला पुसले. "घर होतं. पोरगा जिनिंगमंदी होता इथंच. कापूस नाई, तं जिनिंग बंद. तो बायको घेऊन सुरतले गेला, खोली सोडली. आपल्या मायले म्हने, याडी, तू आपल्या तांड्यावर जाय. तांड्यावर आता कोन हाय?"

प्रियंका उभीच होती. सुखीबाई वाकली आणि गोधडीची घडी घालू लागली.

"घ्या तुमी घर. लेकरू हाय जवळ. मी कुठंही पडंन."

टोपडे खिडकीत होते. प्रियंकाने ते उचलले, दारापर्यंत गेली, थांबली, आणि तशीच बाहेर पडली.

"इतका वेळ?" राजदीपने विचारले.

"फोन लावा मालकाले."

"पानी नाई म्हणे ना तिथं?"

"लावा तं खरं."

इकबालभाई लोहाऱ्यातले जुने मेकॅनिक. मुलाकडे नागपूरला राहायला गेले होते. राजदीपने त्यांनी विचारायच्या आत आपले नाव सांगितले, आडनावासकट, एका दमात, आणि वाट पाहिली. पलीकडून फक्त खोकल्याचा आवाज आला.

"खोब्रागडे, बरं. घर पाहून घेतलं ना? घरात माणसं किती?"

"तीन..."

प्रियंकाने त्याच्या हातातून फोन घेतला.

"चार," ती म्हणाली. "आमच्यासंग एक म्हातारी बाई राहीन."

"अच्छा है. लेकरू असलं म्हणजे घरात बुजुर्ग पायजेच," इकबालभाई म्हणाले. "मग रविवारी या राहायले. अन् सुखीबाईले सांगून द्या, आता झाडायले यायची गरज नाई."

"सांगते."

तिने फोन ठेवला. राजदीप तिच्याकडे पाहतच राहिला. त्याची आई जाऊन तीन वर्षे झाली होती. प्रियंकाची माय गाव सोडून कुठे यायला तयार नव्हती.

"चौथं कोन?" त्याने विचारले. "कोन म्हातारी?"

प्रियंकाने उर्वशीला त्याच्याकडून घेतले, टोपडे घातले आणि आल्या वाटेने चालू लागली.

"थांबा जरा," ती वळून म्हणाली. "तिले अजून विचारलं नाई मी."