लाल घरातला मुक्काम

मी रेटिनल बोलतोय. नाव परकं वाटलं तरी बिचकू नका. तुम्ही हे वाचताय ते माझ्याच भाऊबंदांच्या जिवावर. डोळ्यात आलेला उजेड आधी आम्ही झेलतो, श्रेय मात्र मेंदू घेतो. वरिष्ठांचं सगळीकडे असंच.

माझं मूळ एका गाजरात. ते भाजीवाल्याच्या दुकानात खपलं नाही, म्हणून त्याच्या बायकोने खाल्लं. तिच्या पोटात एका लांबलचक रेणूचे मधोमध दोन तुकडे झाले. त्यातला एक मी. पुढे वेश बदलून तिच्या दुधात उतरलो आणि तिच्या तान्ह्या मुलीकडे आलो. तिथे यकृतात बरेच दिवस पडून होतो, कोणी विचारेना. मग एकदाची डोळ्यात नेमणूक झाली.

एकट्याने मला रंगातलं काही कळत नाही. सगळं घरावर ठरतं. ऑप्सिन नावाच्या प्रथिनाच्या घडीत मी वाकून बसतो, आणि त्या प्रथिनाचे जे घटक माझ्या भोवती येतात, ते माझे शेजारी; शेजारी जसे, तसा माझा स्वभाव. एका घरात मी निळ्या उजेडाने जागा होतो, दुसऱ्यात हिरव्या, तिसऱ्यात लालकडे झुकलेल्या. शेवटच्या दोन घरांत फरक तो थोड्याच शेजाऱ्यांचा. खुर्ची बदलली की साहेबाचा स्वर बदलतो, तसंच हे. उजेड लागला की मी ताठ होतो, घर सोडतो, पुन्हा वाकवला जातो आणि मिळेल त्या घरात शिरतो.

भाजीवाल्याच्या डोळ्यात लाल घरं बांधायचीच राहिली होती. तिथेही हिरवीच उठवलेली. त्यामुळे कच्चा आणि पिकला टोमॅटो त्याला सारखाच. दुकानात पाटी होती, 'माल दाबून पाहू नये', आणि सगळा माल तो स्वतःच दाबून पाही.

मुलगी बोलायला लागली तशी त्याची घालमेल वाढली. त्याची थोरली बहीण येता-जाता म्हणे, "नाक बापाचं, हट्ट बापाचा. डोळे तेवढे वेगळे कुठून येणार?"

"वन्सं, जरा चांगलं बोला की," बायको म्हणे.

तो तिला डॉक्टरकडे नेणं पुढे ढकलत राहिला. एकदा बायकोला हळूच म्हणाला, "माझं निभावलं गं. तिला कोणी हसायला नको."

एका सकाळी टोमॅटोचा क्रेट आला. तो एकेक दाबत होता; मुलगी जवळ येऊन बसली. तेव्हा माझा मुक्काम लाल घरात होता. क्रेटमधल्या पिकल्या टोमॅटोवरून उजेड आला आणि मी असा काही ताठ झालो की विचारू नका! शेजारच्या हिरव्या घरातला भाऊबंद मात्र जेमतेम हलला. आमच्यातल्या या फरकावरूनच तर मेंदू रंग ओळखतो.

"बाबा, हा नको. हा हिरवा आहे." तिने त्याच्या हातातला टोमॅटो काढून घेतला. "हा घे, लाल. हा पण लाल."

तो क्रेटवरच बसला. "अगं ए, बाहेर ये! हिला दिसतंय!"

"काय दिसतंय?"

"सगळं!"

गलका ऐकून बहीणही आली. पोरीला जवळ घेत म्हणाली, "मी म्हणतच होते, डोळे आईचे आहेत."

तेव्हापासून तो दिवसभर तिला मिरच्या, पिशव्या, गिऱ्हाइकांचे सदरे दाखवत असतो. "हा कोणता? आणि हा?" सध्या मी हिरव्या घरात आहे आणि कामाला तक्रार नाही. पण बाबा, दुपारची तरी पोरीला झोपू द्या. तिचे डोळे मिटले की आम्हालाही जरा वाकून बसता येतं.