मेडशीच्या चढावर अडकलेली जीप

माणिकरावांच्या फिरत्या टॉकीजची जीप जगदेवशिवाय कुणाला चालवता यायची नाही, आणि ती तशी जगदेवनेच करून ठेवली होती.

जीप मूळची लष्करी लिलावातली. तंबू, खांब, पडदा भाड्याच्या ट्रकने पुढे जायचे. विजेचा जनरेटर मात्र दोन चाकी ट्रॉलीवर बसवलेला, तो ओढायचं काम जीपचं. पहिल्या वर्षी चढ लागला की इंजिनातलं पाणी उकळायचं आणि जीपचं मागचं अंग इतकं खचायचं की पुढचे दिवे आभाळाकडे बघायचे. जगदेव अकोल्याच्या एका गॅरेजात शिकलेला. त्याने चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत दोन-दोन पाटे वाढवले. चेसिसला जाड पट्टी मारून नवा हूक जोडला. ट्रकचं रेडिएटर कापून पुढे बसवलं. भंगारातल्या जीपचे गिअर आणून टाकले. जीप पळायला मंद झाली, पण ओढायला रेड्यासारखी. फक्त ते गिअर कधी धरतात आणि कधी निसटतात, हे एकट्या जगदेवच्या हाताला कळायचं.

जीप ओढते म्हटल्यावर माणिकरावांनी दुप्पट वजनाचा जनरेटर आणला. मग त्यावर खुर्च्याही लादायला लागले.

एसटीच्या वर्कशॉपमधून नोकरीच्या ट्रायलचं बोलावणं जगदेवला दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा माणिकराव म्हणाले, "एवढा हंगाम होऊ दे रे, मंग मीच सोडतो तुले." ट्रायलला लागणारा त्याचा गॅरेजचा दाखला त्यांच्या ट्रंकेत होता. केनवडला घरी गेला की बायको विजयमाला म्हणायची, "तुमी जितकी गाडी सुदारून राह्यले, तितके तुमीच तिच्यात गुतून राह्यले." तो हसायचा. खरं सांगायचं तर त्यालाही त्या जीपचा गर्व होता. ट्रायलची तिसरी चिठ्ठी खिशात होती. येत्या सोमवारची.

शहात्तरचा फेब्रुवारी. पातूरचा मुक्काम उठला आणि जगदेव एकटाच जीप घेऊन मेडशीकडे निघाला. माणिकराव सकाळच्या एसटीने पुढे गेले होते. ते निघताना जगदेव म्हणाला होता, "मालक, शाफ्टचा जोड वाजून राह्यला."

"मेडशीले पाहू."

घाटाचं शेवटचं वळण घेऊन जीप उभ्या चढाला लागली आणि खालून फाडकन आवाज आला. इंजिन मोकळंच गुरगुरलं. इंजिनाचा जोर चाकांना पोचवणारा शाफ्ट तुटला होता. जगदेवने ब्रेक दाबला. जीप थांबली. त्याने हातब्रेक ओढला, तो धरेना. या जीपचा हातब्रेक शाफ्टलाच धरतो. शाफ्ट तुटला की हातब्रेक गेला, गिअरही गेला. मागचा सगळा भार आता त्याच्या उजव्या पायावर होता.

उडी मारता आली असती. त्याने आरशात पाहिलं. खाली वळणावर सडकेच्या कामावरच्या बाया बोरीच्या सावलीत खडी फोडत बसल्या होत्या. सात-आठ जणी, दोघींच्या कडेला लेकरं. ट्रॉली सुटली तर सरळ त्यांच्यावर.

त्याने हॉर्न वाजवला. वाजवतच राहिला. खाली बायांनी मान वर करून पाहिलं, एकीने हात हलवला आणि हातोड्या परत चालू झाल्या. टॉकीजची जीप गावोगाव हॉर्न वाजवतच फिरायची. तिच्या हॉर्नला कोण उठणार?

ब्रेकचं पायडल हळूहळू खाली जात होतं. तेल कुठूनतरी झिरपत होतं. पाय उचलून दोनदा झटके दिले की पायडल वर यायचं, पण तेवढ्यात जीप वीतभर मागे सरकायची. पाऊण तास असाच गेला. मांडी थरथरायला लागली. वरून एक ट्रक, एक बैलगाडीसुद्धा आली नाही. मागे वळता येईना, उतरता येईना, नुसतं बसता येईना.

जाहिरातीचा माईक मागच्या सीटवर पोस्टरांखाली होता. जगदेवने पाय तसाच ठेवून कंबर पिळवटली, हात मागे घातला. बोटं वायरला लागली. त्याच क्षणी टाच घसरली. जीप हातभर मागे गेली, ट्रॉली कण्हली. त्याने दोन्ही पायांनी पायडल गच्च दाबलं आणि वायर ओढत माईक तोंडाशी आणला.

"बाया हो! वर पाहा! गाडी सुटून राह्यली! लेकरं घेऊन बाजूले व्हा!"

टपावरच्या भोंग्यातून आवाज घाटभर गेला. खाली हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "कोन्ता खेळ हाय रे आज?"

"खेळ नाई व माय," जगदेव म्हणाला, "ब्रेक गेला. मी पाय उचलला का तुमी मेल्या. मले उचलता येत नाई."

आता हातोड्या थांबल्या. लेकरं उचलली गेली. सगळ्या झाडाआड गेल्या, पण एक म्हातारी, तांड्यावरची धनीबाई, डोक्यावर दगडांचं घमेलं घेऊन सरळ चढ चढायला लागली. तिच्यामागे आणखी चौघी. कडेकडेने येऊन त्यांनी ट्रॉलीच्या चाकांमागे दगड रचले, मग जीपच्या चाकांमागे. धनीबाई खिडकीशी आली.

"सोड आता."

"पाय निंगत नाई."

तिने दार उघडलं, दोन्ही हातांनी त्याचा पाय धरून पायडलवरून उचलला आणि बाहेर ठेवला. जीप हलली नाही. जगदेव सडकेवर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देत राहिला.

मेडशीला निरोप गेला आणि दुपारी माणिकराव एक मिस्त्री आणि नवा शाफ्ट घेऊन आले. तुटका जोड पाहून म्हणाले, "ट्रकाचा जाड जोड टाकू. मंग ते अजून वढीन."

"वढीन. थांबीन कशी?"

"थांबली ना आज."

"दाखला द्या माझा, मालक."

"अन् गाडी कोन चालवीन?"

ते खरंच होतं.

सोमवार मेडशीच्या मैदानातच गेला. त्या दिवशी सकाळी जगदेव जीपखाली शिरला आणि भंगारातले गिअर काढून, जपून ठेवलेले मूळचे बसवले. मंगळवारी जादा पाटे काढले. बुधवारी तिकिटं फाडणाऱ्या गोविंदाला शेजारी बसवून गावाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. जीप आता कुणालाही चालवता येईल अशी साधी झाली होती. जनरेटर मात्र तिला जागचा हलेना.

"पाच वर्षांचं काम मातीत घातलं तू!" माणिकराव ओरडले. ट्रंक उघडून त्यांनी दाखला त्याच्या अंगावर फेकला.

जगदेवने तो उचलला, झटकला आणि दुपारच्या एसटीत बसला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्याला सांगितलं, तारीख गेली, पुढल्या साली या. मग त्याने वाशीमला एका गॅरेजात काम धरलं आणि विजयमालाला केनवडहून आणलं. महिनाभराने बातमी कळली की माणिकरावांनी जनरेटर ओढायला ट्रॅक्टर ठेवला. विजयमालाने विचारलं, "वाईट वाटून राह्यलं का?"

"वाटते थोडं," जगदेव म्हणाला. "चांगली वढत होती ते."