डोंगरापर्यंतची रेघ

मी नकाशा बोलतोय. घडीचा, रस्त्यांचा, मोटारवाल्यांसाठी छापलेला. पूर्ण उघडलात तर जेवणाचं टेबल झाकून चार बोटं खाली लोंबतो. माझ्या एका टोकाला समुद्रालगतची सपाट जमीन, दुसऱ्या टोकाला डोंगर आणि मधे दोन सीमा. छापखान्यात मला आधी निळा रंग चढला, मग हिरवा. डोंगरांचा तपकिरी सगळ्यात शेवटी.

पेट्रोल पंपावरच्या दुकानात मी वर्षभर उभा होतो. लोक मला उघडायचे, हवी ती वाट बघून घ्यायचे आणि भलतीच घडी घालून परत ठेवायचे. घेत कुणीच नव्हतं.

मला घेतलं ते एका नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाने. कालव्यावरच्या पंपघरात त्याने चौतीस वर्षं काढली होती. त्या भागातली जमीन कालव्याच्या पाण्यापेक्षा खाली. पंप थांबला तर शेतंही पाण्यात आणि घरंही. त्यामुळे हा गडी कधी कुठे गेलाच नाही. गावात सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी.

घरी आल्यावर त्याने मला टेबलावर पसरलं. बायको शाळेचे गणवेश शिवायची, तिने शिलाई मशीन थांबवली.

“हे काय आणलंत?”

“नकाशा. नुसता बघतोय.”

बायकोने डोंगरांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मशीन पुन्हा सुरू केली.

ते बघणं कशाचं होतं ते मला पुढे हळूहळू कळलं. त्यांची एकुलती एक लेक त्या डोंगरात होती. तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली आणि घाटातला बर्फ काढणारं यंत्र चालवणाऱ्या माणसाशी तिने लग्न केलं. बापाला ते पसंत नव्हतं. “चढ चढून मी तुझ्या दारी येणार नाही,” असं तो तिला बोलून गेला. त्या बोलण्याला सात वर्षं झाली होती. नात पाच वर्षांची झाली, तरी त्याने तिला पाहिलं नव्हतं. आई आणि लेक फोनवर बोलायच्या, तेव्हा तो अंगणात जाऊन काहीतरी दुरुस्त करत बसायचा.

पण माझ्यावर पेन्सिलीची रेघ सुरू झाली. आधी घरापासून महामार्गापर्यंत. मग पहिल्या सीमेपर्यंत. रोज दुपारी जेवण उरकलं की ताटं बाजूला आणि मी टेबलावर. बायकोचे गुडघे धरायचे, म्हणून दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी नाही, असं ठरलं. सहा टप्पे निघाले. ती म्हणाली, “सहा दिवसांचे कपडे धुवायचे कुठे?” तेव्हा मला समजलं, की तीही मनाने निघालीये.

अडलं ते शेवटच्या तपकिरी भागात. घाट कधी उघडतो हे माझ्यावर लिहिलेलं नाही.

“विचार तिला,” तो म्हणाला.

“तुम्हीच विचारा की. फोन काही चावत नाही.”

दोन दिवस तो अंगणात दुरुस्त्या काढत राहिला. तिसऱ्या दिवशी बायकोच्या हातातून फोन घेतला. सात वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय, तर, “घाटात दुसरा गिअर पुरतो का?”

पलीकडून लेक म्हणाली, “पुरतो, बाबा. उतरतानाही दुसराच ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.”

“बरं,” तो म्हणाला. फोन ठेवला आणि तोंड धुवायला गेला.

त्यानंतर ती दोघं रोज बोलायला लागली, पण फक्त रस्त्याबद्दल. बर्फासाठी चाकांना साखळ्या कुठे लावायच्या, दुसऱ्या सीमेवर गाडीचे कोणते कागद बघतात, पेट्रोल कुठवर मिळतं. माफी कुणीच मागितली नाही. मला वाटतं, तेवढ्या बोलण्यात ती मागून झाली होती आणि देऊनही झाली होती.

चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायचा सराव करायला त्या गावात चढ नव्हता. मग तो कालव्याच्या पुलावर जायचा. बायको शेजारी, मी तिच्या मांडीवर. पुलाच्या निम्म्यात गाडी थांबवायची, पुन्हा काढायची, पलीकडून वळून परत यायचं. सायकलवाले विचारायचे, “काका, काही पडलंय का?” बायको हसून हसून बेजार व्हायची. इतकं हसताना मी तिला नंतर पाहिलं नाही.

त्याच दिवसांत रेघ भरकटायला लागली. पेन्सिल रस्ता सोडून शेतात शिरायची. “हल्ली छापतातच बारीक,” तो म्हणायचा. माझी अक्षरं होती तेवढीच होती. दोनदा गाडीचा डावा आरसा फाटकाला लागला. ते त्याने हसण्यावारी नेलं.

निघायला महिना राहिला असताना लायसन्सचं नूतनीकरण आलं. त्यासाठी डोळे तपासले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. गाडी आता चालवायची नाही.

घरी येऊन त्याने माझी घडी घातली, नेमकी मूळ मोडीवर, आणि मला कपाटात ठेवलं. “तिला सांग, गाडीचं इंजिन बसलं.”

“खरं सांगू या. ती समजून घेईल.”

“म्हणेल, आता डोळे गेले तेव्हा लेक आठवली. नाही. तुला माझी शपथ आहे.”

बायकोने इंजिनचं सांगितलं. लेकीचा आवाज मला कपाटातूनही ऐकू आला. “इंजिन बसलंय, की बाबाच हटून बसलेत? रोज संध्याकाळी पोर रस्त्यावर जाऊन गाड्या बघते आई. तिला आता काय सांगू?”

फोन कमी झाले. आठवड्याचा एक, मग महिन्याचा एक. उन्हाळा सरला. तो घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायला लागला. बायको त्याच्या ताटात वाढताना काय कुठे आहे ते सांगायची आणि मग स्वतः न जेवताच उठायची.

शेवटी तिने शपथ मोडली. भर दुपारी, त्याच्या समोर. “डोळे गेलेत गं त्यांचे,” एवढंच म्हणाली. लेक रडत म्हणाली, “मी आत्ता निघते.” आणि मग तिचं तिलाच आठवलं, घाट अकरा दिवसांपूर्वी बंद झाला होता. वरचं गाव एकदा बर्फात अडकलं, की हिवाळा संपेपर्यंत कुणी खाली उतरत नाही.

तो हिवाळा मी पुन्हा टेबलावर काढला. त्याला दिसत नव्हतं, पण तळवा माझ्यावर ठेवून तो फोनवर बोलायचा. मुक्काम, पूल, वळणं, सगळं पाठ होतं. आता बेत उलटा ठरला होता. घाट उघडला, की लेक आणि जावई खाली येणार आणि दोघांना वर नेणार. एकदा त्याने जावयालाच फोनवर बोलावलं.

“रस्ता कधी मोकळा करताय?”

“बाबा, मोकळा झाला की पहिली गाडी तुम्हाला घेऊनच चढवतो.”

“बघा हं. मला चढाची सवय नाही.”

हिवाळा संपत आला आणि त्याला ताप भरला. छातीत कफ झाला. चार दिवस हॉस्पिटलात होता. पाचव्या दिवशी सकाळी बायको एकटीच घरी आली. खुर्चीत बसली आणि बराच वेळ चपलाही काढल्या नाहीत.

तिकडे बातमी कळताच जावई एकटाच यंत्र घेऊन घाट फोडायला निघाला होता म्हणे. दरड आणि हिमलोट यांच्या भीतीने वरिष्ठांनी त्याला परत फिरवलं. घाट उघडला तो अठरा दिवसांनी. लेक आणि जावई आले, आईला घेऊन गेले. सहा दिवसांचा तो रस्ता जावयाने तीन दिवसांत काढला. बायकोने वाटेत मला एकदाही उघडलं नाही.

आता मी डोंगरातल्या त्या घरात असतो. बायको इथेही लोकांचे कपडे शिवते. परवा नातीने मला टेबलावर पसरलं आणि विचारलं, “आजी, आजोबांचं घर कुठे?”

आजीने चष्मा लावला. हिरव्या पट्ट्यात बराच वेळ बोट फिरवलं. घर सापडेना. रोज त्याच कोपऱ्याने मला उघडत होते, रोज तिथेच त्याचा तळवा टेकत होता. त्या जागी घडी झिजून भोक पडलंय. गाव, कालवा, पूल, सगळं त्यात गेलंय. नातीने त्यातून बोट घातलं, तर खालचं लाकूड लागलं.

“इथे होतं,” आजी म्हणाली.

मी फाटत चाललोय, ते चालायचंच, कागदच आहे. तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा असेल आणि त्यावर कुणाकडे जायची रेघ अर्धी मारून ठेवली असेल, तर एवढंच ऐका. घाट बारा महिने उघडा नसतो.