तांबड्याच्या पाठीवर दोघं

दमदिनने मांड टाकली, डाव्या मुठीत लगाम आवळला, उजव्या हाताने चाबूक ओढला आणि "चू" म्हणत टाच मारली. तांबडा पुढे गेलाच नाही. आधी त्याने मान झटकली, मग जागच्या जागी पावलं नाचवली आणि शेवटी पुढचे दोन्ही पाय उचलून सरळ उभा राहिला. गेरच्या, म्हणजे त्यांच्या गोल लोकरी तंबूच्या दारात दुधाची बादली घेऊन उभ्या असलेल्या दमदिनच्या बायकोच्या, दोल्गोरच्या काळजाचं पाणी झालं. पण तिने तोंडातून आवाज काढला नाही. अशा वेळी ओरडलं की जनावर आणखी बिथरतं.

तांबडा खाली आला. दमदिनही उतरला आणि लंगडत दाराशी आला.

"माजलाय," तो म्हणाला. "नुसतं खायला पाहिजे. थंडी पडायच्या आत मांसवाल्याच्या ट्रकमध्ये चढवतो की नाही बघ."

"चढव की. माज आला असेल तर तो मी आणलाय, मग मलाही त्याच ट्रकमध्ये चढव."

"तुला कोण घेतोय, म्हातारे? नुसती हाडं."

ती हसली. पण दमदिन बोलला ते करून दाखवणारा माणूस होता. तांबड्याची आई एका वाईट हिवाळ्यात बर्फात गेली, तेव्हा दोल्गोरने त्या पिल्लाला गेरमध्ये चुलीपाशी बांधून बाटलीने दूध पाजलं होतं. पुढे त्याला शिकवलं ते दमदिनने. दोघांचा मिळून एक घोडा होता तो, आणि सगळ्या खोऱ्यात त्याच्याइतका समजूतदार घोडा नव्हता. मग आताच त्याला काय झालं?

दोल्गोरला ते ठाऊक होतं. गेल्या वर्षी दमदिनच्या करड्या घोड्याचा पाय बिळात गेला आणि दमदिन त्याच्यासकट आपटला. कंबरेचं हाड मोडलं. सबंध हिवाळा तो पडून होता. हाड जुळलं, वसंतात तो पुन्हा घोड्यावर बसला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कौतुक केलं. डाव्या हाताला काही लागलंच नव्हतं, म्हणून त्या हाताकडे कोणी पाहिलं नाही. तोच हात बरा झाला नव्हता. पूर्वी त्याच्या बोटांत लगाम नुसता टेकलेला असायचा, आता मूठ वळायची ती वळलेलीच राहायची. टाच आणि चाबूक म्हणायचे, पुढे हो. मूठ म्हणायची, खबरदार. पुढची वाट बंद आणि मागून मार, मग त्या बिचाऱ्याने जायचं कुठे? वर.

आणि घोडा वर गेला की मूठ आणखी आवळली जायची. हेच तिला रात्रंदिवस खात होतं. उभ्या घोड्याचा लगाम ओढणारा माणूस त्याला स्वतःच्याच अंगावर ओढत असतो. तिचा थोरला भाऊ तसाच गेला होता. घोडा पाठीवर उलटला आणि खोगिराचं उंच लाकडी टोक त्याच्या छातीत बसलं. घोडा उठून अंग झाडून चरायला लागला. भाऊ उठला नाही.

हे दमदिनला सांगायचं म्हणजे तोंडावर म्हणायचं, तू घोड्याला घाबरतोस. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो. चालायच्या आधी घोड्यावर बसलेला. त्याच्या आज्याला कोणी असं म्हटलं असतं तर दोन घराण्यांचं जाणंयेणं बंद झालं असतं. वसंतापासून दोल्गोर मूग गिळून गप्प होती आणि रोज सकाळी दारात उभी राहून जीव मुठीत धरत होती.

त्या दिवशी टेकडीपलीकडच्या शेजाऱ्याकडे, शारावकडे, व्यालेल्या घोड्यांचं यंदाचं पहिलं दूध काढायचं होतं. त्याआधी पहिलं शिंगरू दोरीला बांधायचा मान वयाने मोठ्या घोडेस्वाराचा, म्हणून शाराव सकाळीच बोलवायला आला होता. "दमदिन ग्वाइ, मोटारसायकल पाठवू का?" एवढंच तो बिचारा, थोरामोठ्यांना लावायचं 'ग्वाइ' लावून, काळजीपोटी म्हणाला. दमदिनने त्याला चहासुद्धा नीट पिऊ दिला नव्हता.

आता त्याने नवा निळा अंगरखा चढवला, कंबरपट्टा कसला आणि पुन्हा खोगिराला हात घातला. ठेवणीतली टोपी घालून दोल्गोर बाहेर आली.

"मी पण येते."

"तुझा पांढरा कळपात आहे. आणायला वेळ जाईल."

"तुझ्या मागे बसते."

"या वयात? लोक हसतील."

"नदीकाठी कुस्त्या बघायला अशीच न्यायचास की. तेव्हाही हसायचेच."

"तेव्हा तू हलकी होतीस."

"मघाशी तर नुसती हाडं होते."

तो गुरगुरतच वर चढला, पण रिकीब मोकळी करून त्याने हात पुढे केला. ती खोगिरामागे बसली आणि दोन्ही हातांनी त्याच्या कंबरेला विळखा घातला. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. पण इतक्या महिन्यांत स्वतःसाठी त्याची मूठ उघडली नव्हती. दुसऱ्या कुणासाठी उघडेल का, एवढं तिला पाहायचं होतं, आणि तिच्याशिवाय दुसरं होतं कोण?

"चू," दमदिन म्हणाला. मूठ आवळलेलीच होती.

तांबड्याने मान झटकली. पावलं नाचवली. दोल्गोरला आपल्याखाली त्याची पाठ गोळा होताना कळली. मग पुढचा भाग उचलला गेला आणि ती मागे घसरली. तिच्या पाठीमागे आता काही नव्हतं. घोडा उलटला असता तर आधी ती, मग दमदिन, मग घोडा.

"म्हाताऱ्या," ती त्याच्या पाठीला गाल लावून हळूच म्हणाली, "मी मागे आहे."

दमदिनची मूठ उघडली. अख्खा लगाम सैल पडला. तो पुढे वाकला, दोन्ही हातांनी त्याने आयाळ धरली आणि तिलाही आपल्याबरोबर पुढे ओढलं. तांबड्याचे पाय धपकन जमिनीवर आले. तो क्षणभर उभा राहिला, फुरफुरला आणि कुणी काही न सांगता टेकडीच्या दिशेने चालू लागला.

दमदिन आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. बोटं पुन्हा वळायला लागली की तो ती मुद्दाम सरळ करायचा.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"तू पुन्हा घोड्यावर बसलास तेव्हापासून."

"आणि आज पाठीमागे येऊन बसलीस. हा उलटला असता तर?"

"म्हणूनच तर बसले."

त्याने मान वळवली नाही. त्याची पाठ मात्र हलली, आणि तो रडतोय हे तिच्या हातांना कळलं. तिने विळखा घट्ट केला.

"मला भीती वाटते, दोल्गोर," तो म्हणाला. "खोगिराला हात लावला की वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "लगाम आणखी थोडा सैल सोड."

त्याने सोडला.