'नको' कुठे आहे?

संमतीची चौकट साहेबांकडून पुन्हा दुरुस्तीला आली, तेव्हा धाकटीने वैतागून खुर्ची मागे ढकलली.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. ऑफिसात ती वेबसाइटची पानं बांधायची. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बायका पाळीच्या, गरोदरपणाच्या नोंदी ठेवत. 'तुमची माहिती जाहिरातदारांना द्यायची का?' असं विचारणारी चौकट नव्याने मांडायचं काम तिच्याकडे होतं. तिने 'हो' आणि 'नको' शेजारी शेजारी, सारख्याच आकारात ठेवले होते.

"अगं, 'नको' एवढं ठळक कशाला?" साहेब पडद्याकडे वाकून म्हणाले. "ते 'पसंती बदला'च्या आत टाक, फिकट अक्षरात. आतले सगळे पर्याय चालूच ठेव. ज्याला नको असेल तो एकेक बंद करेल."

"सर, इतकी खटपट कोण करणार?"

"मग आपलं काय बिघडलं? आत्ताही असंच आहे. आजवर कुणी तक्रार केली?"

ती दातओठ खात घरी आली. बाहेरच्या खोलीत सासूबाई फोनवर खुशीत बोलत होत्या, "हो, थोरलीलाच दिवस गेलेत! तोंडाने बोलली नाही अजून, पण मला कळायचं ते कळलं." समोर घरातला टॅब उघडा होता. तो थोरलीच्या खात्यावर चालायचा. त्यावर पाळणे, अंगडी-टोपडी, दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातींचा नुसता पाऊस.

थोरली जाऊ स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. धाकटीला पाहून तिने सुरी खाली ठेवली.

"गेलं गं ते. मागच्या आठवड्यात," ती हळूच म्हणाली. "ह्यांना आणि डॉक्टरांना सोडून कुणाला ठाऊक नाही. जरा सावरते, मग सांगते, म्हटलं होतं."

"मग टॅबवर हे कसं?"

"तुमच्याच अ‍ॅपमध्ये नोंद ठेवत होते. तुझी कंपनी म्हणून विश्वासाने."

"वहिनी, पण विचारलं असेल ना तुम्हाला?"

"विचारलं. मी 'नाही' शोधलं गं, पण सापडेना. गॅसवर दूध उतू जात होतं, समोर मोठं बटण दिसलं ते दाबून टाकलं."

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. "लबाडे, माझ्यापासून लपवतेस होय?" म्हणत त्यांनी थोरलीच्या गालावरून हात फिरवला. थोरलीला हुंदका आवरला नाही. सगळं कळल्यावर म्हातारीने तिला जवळ घेतलं.

"अगं बाई, मी तर गावभर सांगून बसले!"

बाहेर फोन वाजला. कुणीतरी अभिनंदन करत होतं. मग दुसऱ्याचा आला, तिसऱ्याचा आला. प्रत्येकाला तेच सांगायचं, प्रत्येकाकडून तेच "अरेरे" ऐकायचं. उरात दडवलेलं दुःख थोरलीला दारोदार वाटावं लागलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी साहेबांसमोर उभी राहिली. "सर, 'नको' लपवायचं काम मी करणार नाही."

"घरचं रडगाणं ऑफिसात आणू नकोस. तू नाही केलंस तर दुसरा करेल."

दुसऱ्याने खरंच केलं. धाकटीने राजीनामा दिला, पण स्वस्थ बसली नाही. माहितीच्या गैरवापराच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयात ती थोरलीला घेऊन गेली.

"पण बाई, 'हो' तर तुम्हीच दाबलंत ना?" अधिकारी म्हणाले.

"दाबलं. आता 'नको' कुठे आहे, ते तुम्हीच दाखवा." थोरलीने फोन पुढे केला. चौकट नवी आली होती, म्हणून पुन्हा विचारत होती.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. पान वर सरकवलं, खाली सरकवलं, कुठेतरी आत शिरले, परत बाहेर आले. शेवटी कंटाळून त्यांचा अंगठा मोठ्या बटणावर पडला.

"अरेच्चा!" ते ओशाळले.

"साहेब," थोरली म्हणाली, "आता मला सांगा, ही संमती कुणी दिली? तुम्ही की मी?"